आयतं ऊन पाणी

कोकणात अंघोळीचं पाणी तापवणं हे एकेकाळी वेगळं कामच होतं. पहाटे उठून पाणचूल पेटवायची, तिच्यात सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या, जे हाताशी असेल ते सारायचं, आडाचं पाणी ओढून हंडा भरायचा आणि घरातलं शेवटचं माणूस न्हाऊन निघेपर्यंत तो रिता होऊ द्यायचा नाही. घाटावर पाणचुलीच्या जागी बंब आणि करवंट्यांच्या जागी गोवऱ्या, एवढाच फरक. पाणी तापवणारीची पाळी सगळ्यांच्या शेवटी यायची. तोवर जाळ विझलेला असायचा आणि हंड्याच्या तळाशी कोमट पाणी उरलेलं. कढत पाण्यात विसण घालत, निवांतपणे अंघोळ करणारी आई मला आठवत नाही. दिवाळीच्या पहाटेसुद्धा ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर न्हायची.

दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला राहिले, तेव्हा आईची आठवण सारखी येत राहिली. इथे पाणी जमिनीतून तापूनच वर येतं. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत असे झरे ओळीनं आहेत. कुठे ३४ अंश, कुठे सत्तरच्या वर. उन्हवऱ्याचं पाणी त्यांतल्या सर्वांत गरम पाण्यांपैकी. मुळाशी हात घालण्याची सोय नाही. कुंडात येऊन निवल्यावरच अंगाला सोसवतं. अनेकांना वाटतं, खाली ज्वालामुखी धुमसत असेल. तसं नाही. आपला काळा पाषाण ज्या लाव्हारसाचा झाला, तो निवून साडेसहा कोटी वर्षं लोटली. हे पाणी पावसाचंच आहे. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातलं थोडं भेगांमधून खोल खोल उतरत जातं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी उष्मा वाढतो. तो घेऊन, वाटेतल्या खडकांतले क्षार आणि गंधकाचा वास घेऊन, ते दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. कुणी लाकूड जाळलेलं नाही, कुणाची झोपमोड झालेली नाही.

बायकांचं कुंड भिंतींनी बंद केलेलं आहे. पहिल्या दिवशी मी गंधकाच्या वासानं जरा बिचकले, पण गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर वासाचं भान उरलं नाही. गळ्याइतक्या पाण्यात शरीराचं जेमतेम एक दशांश वजन पायांवर येतं, म्हणून गुडघे सुटल्यासारखे होतात. त्वचारोग बरे होतात की नाही, यावर मी बोलणार नाही. गुडघ्यांचं सुख मात्र मी स्वतः भोगलं आहे.

बोलणं दुखण्यापासून सुरू होतं. एसटीत शेजारची बाई आधी गाव विचारते, मग आडनाव, मग मुलंबाळं. इथे पहिला प्रश्न, "कुठं दुखतंय?" कऱ्हाडकडच्या एक मावशी कमरेसाठी आल्या होत्या. जन्म उसाच्या शेतात आणि म्हशींच्या गोठ्यात गेलेला. खाडीकाठच्या गावातल्या एक भाभी होत्या. त्यांचे यजमान उभी उमेद कुवेतला नोकरीत. दोन वर्षांतून एकदा ते घरी यायचे, तेव्हा रोज मोठा हंडा तापायचा, असं त्या सांगत होत्या. ते परत गेले की भाभी गार पाण्यानंच अंघोळ उरकायच्या. "एकटीसाठी कोण चूल पेटवणार?" पाण्यावर हात फिरवत त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मावशींनी जे सांगितलं, ते मी विसरणं शक्य नाही. "मला आयतं ऊन पाणी मिळालं ते चार बाळंतपणांत. सव्वा-सव्वा महिना. आई ओतायची अंगावर. त्यानंतर हे बघा, आज."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्या हिशेब सांगत होत्या. ऐकताना जाणवलं की हा हिशेब आम्हा प्रत्येकीकडे आहे, फक्त कुणी मागितलेला नाही. आमच्यात एक तरुण मुलगी होती, चिपळूणला बँकेत नोकरी करणारी. तिच्या घरी गिझर आहे. बटण दाबलं की पाणी. तरी अंघोळीला ती शेवटीच जाते. आधी डबे, मग सासऱ्यांचं पाणी, मग लेकाची शाळा. जाळ गेला, धूर गेला, डोळ्यांची चुरचुर गेली, हे खरंच मोठं आहे. ज्या बायकांनी पाणचुली फुंकल्या त्यांनाच ते किती मोठं ते कळेल. घरातली पाळी मात्र जिथली तिथेच राहिली.

गावातल्या एक आजी थंडीत रोज कुंडावर येतात. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमाला न्हायला लाकूड कधी जाळावंच लागलं नाय." सगळ्याजणी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मला त्या आजी त्या क्षणी फार श्रीमंत वाटल्या. मग त्यांनीच पुढे सांगितलं, की उन्हाळ्यात प्यायचं पाणी आणायला लांब जावं लागायचं, दोन हंडे डोक्यावर आणि कळशी कमरेवर. इतका पाऊस पडणाऱ्या कोकणात वैशाखात घशाला कोरड पडते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

फार वेळ बसलं की चक्कर येते, म्हणून आजीच आम्हाला दटावून बाहेर काढायच्या. ओल्या लुगड्यांनी काठावर टेकायचं, अंग निवलं की पुन्हा उतरायचं. खरं बोलणं काठावर व्हायचं. थकवा घालवायला स्वस्थ पडून राहावं लागतं, अशी माझी समजूत होती. या बायकांचा थकवा बोलण्यानं उतरत होता, आणि माझाही. पुरुषांच्या बाजूला काय बोलणं होतं ठाऊक नाही. इकडे मात्र कधी रडणं, कधी मोठ्यानं हसणं चालू असायचं.

भिंतीपलीकडून मावशींच्या यजमानांची हाक आली, "आवरलं का गं?"

"तुम्ही च्या घ्या जावा, आमाला येळ हाय," मावशींनी आतूनच ओरडून सांगितलं, आणि भाभींकडे वळून त्यांच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या महिन्यात आहे ते विचारलं. मार्गशीर्षात, असं कळल्यावर न्हाऊमाखू घालायला कोण येणार, यावर बराच वेळ चर्चा झाली.