कात्रजचा घाट, मागे सासूबाई

पुण्यात सेकंडहँड 'हॉट हॅच' शोधण्यात एक गंमत आहे. फोक्सवॅगन पोलो चाकणची, फियाटची अबार्थ पुन्टो रांजणगावची. दोघी आपल्याच गावच्या मुली म्हणा ना!

बजेट सात लाख. मागे चाइल्ड सीट, शेजारी सासूबाई. तरी टर्बो हवाच, हा नवऱ्याचा हट्ट (खरं सांगू? माझाही).

ट्रायलसाठी जुना कात्रज घाट पक्का. चढ, वळणं, खड्डे, सगळं एकाच फेरीत! 2015ची अबार्थ, 1.4 टी-जेट, 145 बीएचपी. तिसऱ्या गियरमध्ये टर्बो जागा झाला आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. पण सस्पेन्शन मुद्दाम कडक, आणि फियाट भारतातून गेल्यावर पार्ट्ससाठी वणवण. सासूबाईंच्या पाठीला आणि आमच्या खिशाला ती झेपणारी नव्हेच.

मग पोलो जीटी टीएसआय, 2013 पासूनची, 1.2 इंजिन, सात गियरचा डीएसजी. घाटात लोण्यासारखी. मात्र ड्राय क्लचला स्वारगेटचा रांगता ट्रॅफिक मानवत नाही, आणि दुरुस्तीचं बिल म्हणजे एखादी गोवा ट्रिप. सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर सरळ नमस्कार करा. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही बघा.

शेवटी 2020 नंतरची 1.0 टीएसआय मॅन्युअल घेतली. 110 पीएस, सहा गियर. डिकी 280 लिटरची, बाबागाडी कशीबशी मावते.

पहिल्या रविवारी बोपदेव घाटातून सासवड. सासूबाई ऐटीत पुढे, मी मागे, गुडघे पोटाशी घेऊन!