बोल्टचा नंबर

शनिवार म्हणजे आमच्या काष्टीत जनावरांच्या बाजाराचा दिवस. मला ना बैल घ्यायचा असतो ना विकायचा, पण निवृत्त झाल्यापासून एक चक्कर मारतोच. जुनी जाणती माणसं बैल कसा पारखतात ते पाहत उभं राहायला मला आवडतं. आधी लांबून चाल बघायची, मग अंगावरचे भोवरे, मग खुरं, आणि शेवटी जबडा उघडून दात. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे एका नजरेत कळतं. मालक काय सांगतो त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. जनावर स्वतःची हकीकत अंगावर घेऊन फिरतं.

गेल्या महिन्यात अशाच एका शनिवारी बाजारात जायला निघालो होतो, तेवढ्यात अमेरिकेतल्या भाच्याचे एकामागून एक सात फोटो मोबाईलवर येऊन पडले. पाठोपाठ फोन. तिकडे रात्र होती, पण गडी खुशीत होता.

"मामा, ओळखा पाहू काय घेतलंय!"

ओळखायला काय लागतं? पंचवीसेक वर्षं हाताळलेली वस्तू. ती थ्री नॉट थ्री रायफल होती. आपल्याकडे हा सैन्याचा बोअर, सामान्य माणसाला परवाना मागूनही मिळत नाही. तिकडे मात्र जुन्या लष्करी मालाच्या बाजारात अशा रायफली विकायला असतात. ह्याला ती दीडशे डॉलरला मिळाली. "इंडियन आहे म्हणून घेतली मामा, घरी आपलं काहीतरी असावं," असं म्हणाला. मी मनात म्हटलं, अरे बाबा, आपलं म्हणून पाटा-वरवंटा न्यायचास! पण बोललो नाही. त्याला त्या खुणांचा अर्थ हवा होता, आणि शिक्षकाला कुणी अर्थ विचारला की त्याचा बाजार, जेवण सगळं राहून जातं. चष्मा लावून ओट्यावर बसलो.

पहिल्या फोटोत दस्त्याच्या पुढची लोखंडी पट्टी होती. वर मुकुट, त्याखाली 'जी. आर. आय.' म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. हे 'सम्राट' हिंदुस्थानामुळे. त्याखाली 'ईशापूर' आणि '१९४२'. ईशापूर म्हणजे बंगालमधला सरकारी रायफल कारखाना, हुगळीच्या काठी, मंगल पांड्यांच्या बराकपूरच्या जवळच. ली नावाच्या माणसाने बोल्टची रचना केली आणि एनफिल्ड या इंग्लंडमधल्या गावी ती बनायला लागली, म्हणून जगात हिचं नाव ली-एनफिल्ड. पण १९४२ साली महायुद्ध ऐन भरात होतं आणि ही घडवली ती आपल्या कारागिरांनी. पुढे देश प्रजासत्ताक झाल्यावर कारखाना तोच राहिला, शिक्का तेवढा बदलला आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले.

दुसऱ्या फोटोत कावळ्याच्या पावलासारखा एक बाण होता, खाली इंग्रजी 'आय'. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता आणि 'आय' म्हणजे इंडिया. तिसऱ्या फोटोत नळीवर बारीक, नव्या धाटणीची अक्षरं होती. तो तिकडच्या आयातदाराचा ठसा, अमेरिकेत बाहेरून आणलेल्या बंदुकीवर तो कोरावाच लागतो. रायफलीबरोबर कुणीतरी एक रिकामं काडतूसही दिलं होतं. त्याच्या बुडावर 'के. एफ.' वाचून मला हसूच आलं. के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी! १८६९ सालचा कारखाना. म्हटलं, "अरे, तुझ्या आजोळाहून गाडीत बसलं की दोन-अडीच तासांवर खडकी. तू तिला सातासमुद्रापलीकडे जाऊन भेटलास."

भाचा खूश झाला. "आणि मामा, हे डी. पी. काय? दस्त्यावर पण आहे, लोखंडावर पण आहे. कुणा मालकाचं नाव असेल का? डी. पी. पाटील, डी. पी. जोशी?"

आमच्याकडे डी. पी. म्हटलं की विजेचा ट्रान्सफॉर्मर. तो जळला की आठ आठ दिवस मोटारी बंद. पण या डी. पी.वर मला हसता आलं नाही. मी विचारलं, "तू ही उडवली नाहीस ना अजून?"

"नाही. पुढच्या रविवारी रेंजवर जाणार आहे. पोरगाही येतोय."

"अजिबात उडवायची नाही," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण आतून ही बाहेर आली.

डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज. फक्त कवायतीसाठी. जी रायफल झिजली, जिचे भाग मापात बसेनासे झाले, जी उडवणं धोक्याचं ठरलं, तिच्यावर हा शिक्का मारतात आणि ती कवायतीच्या पोरांच्या खांद्यावर येते. बघायला, वजनाला, खडखडाटाला अस्सल, पण काडतुसाचा दाब तिला सोसेल याची खात्री नाही. आमच्या शाळेच्या एन.सी.सी.त अशाच रायफली होत्या. मी त्या ट्रूपचा थर्ड ऑफिसर. कामठीला जाऊन प्रशिक्षण घेतलं तेव्हा उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात ही दोन अक्षरं आमच्याकडून घोकून घेतली होती.

"आणखी एक मामा. बोल्टच्या दांड्याच्या बुडाशी जो नंबर आहे, तो रायफलीच्या नंबराशी जुळत नाही. त्याने काही बिघडतं का?"

बिघडतं. प्रत्येक रायफलीला तिचा बोल्ट कारखान्यात बसवून, मापून देतात आणि दोघांवर एकच नंबर घालतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, मागेपुढेही होतो, पण काडतुसामागे राहणारी फट कमीजास्त झाली तर काडतूस फुटून सगळा जाळ उडवणाऱ्याच्या तोंडावर यायची भीती. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. जाणत्या कारागिराकडून तपासून घे आणि तोवर कपाटाला कुलूप लाव असं बजावलं. त्याने शब्द दिला. फोन ठेवला.

बाजारात मात्र गेलो नाही त्या दिवशी. बोल्टचा नंबर म्हटल्यावर मला जे आठवलं, ते मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहितो आहे.

१९८४ सालचा जानेवारी. शाळा याच परिसरातली, नाव सांगण्याची गरज नाही. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी आमच्याकडे पंधरा रायफली होत्या. पंचवीस तारखेला संध्याकाळी पोरांनी त्या पुसूनपासून कोतमध्ये लावल्या. मी मोजायला गेलो. रायफली पंधरा, बोल्ट चौदा. अडुसष्ट नंबरच्या रायफलीचा बोल्ट गायब. (नंबर लांबलचक असत, आम्ही शेवटचे दोन आकडेच बोलायचो.)

कवायतीची असली तरी ती सरकारी रायफल. बोल्ट हरवला म्हणजे पोलीस, चौकशी, कागद, नोकरीवर गदा. माझे हातपाय गार पडले. रजिस्टर उघडलं. अडुसष्टपुढे ज्या मुलाचं नाव होतं, तो गावाबाहेरच्या माळावर राहणाऱ्या पारधी कुटुंबातला. नववीत शिकत होता. त्याच्या घरातून इतकं शिकलेलं आधी कुणी नव्हतं. अंगाने काटक, चालीला असा पक्का की संचलनात उजव्या टोकाला मी त्यालाच उभा करायचो.

मी त्याला विचारलं नाही, "बोल्ट कुठाय?" मी विचारलं, "कुणाला विकलास?"

तो गोंधळून म्हणाला, "गुरुजी, माझी रायफल शहाऐंशी." मी रजिस्टर त्याच्या नाकासमोर धरलं. तो पुन्हा म्हणाला, "माझी शहाऐंशी, गुरुजी. बघा की." आणि त्याने रॅककडे बोट केलं. तिथवर चार पावलं होती. मी ती चार पावलं गेलो नाही. दोन कानाखाली दिल्या. सगळ्या पोरांदेखत त्याचं दप्तर उपडं केलं. शिपायाला त्याच्या पालावर पाठवून भांड्याकुंड्यांत शोधायला लावलं. त्याची आई शिपायामागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. आत आली नाही.

रात्रभर मला झोप नाही. पहाटे साडेपाचला दारावर थाप. आमच्या ट्रूपमधला दुसरा एक मुलगा, चांगल्या बागायतदाराच्या घरचा. हातात लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला बोल्ट. "गुरुजी, शाळेतल्या तेलाने चमकत नव्हता, म्हणून घरी नेला होता. रात्रभर गोडेतेलात ठेवला. बघा कसा झालाय!"

मी काय केलं असेल? हसलो. "शहाणाच आहेस!" म्हणालो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो गेल्यावर बोल्ट फिरवून पाहिला. नंबर अडुसष्ट. म्हणजे अडुसष्ट या मुलाकडे होती. कोत उघडून रजिस्टर काढलं, रायफलींशी एकेक ताडून पाहिलं. चूक माझीच होती. नावं उतरवताना मी अडुसष्टच्या जागी शहाऐंशी आणि शहाऐंशीच्या जागी अडुसष्ट लिहिलं होतं. आकड्यांची उलटापालट. पोरांच्या वहीत अशी चूक दिसली की मी लाल शाईने गोल काढत असे. त्या मुलाने तोंडाने नंबर सांगितला होता, बोटाने रायफल दाखवली होती. त्याच्याकडे पुरावा होता, आणि मी तो पाहिला नाही. कारण मला त्याच्यावरची दुसरीच खूण दिसत होती.

ती खूणही सरकारनेच मारलेली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे फासेपारध्यांसारख्या कितीतरी जमातींची त्यात नोंद झाली. पोर जन्माला यायच्या आधीच गुन्हेगार. बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही माणसं कागदावर विमुक्त झाली. माझा जन्म १९५०चा, म्हणजे मी जेमतेम चालायला लागलो तेव्हा तो कायदा गेलेला. मी वर्गात समता शिकवत होतो, पंधरा ऑगस्टला भाषणं ठोकत होतो. तरी त्या संध्याकाळी तो कायदा माझ्या हातातून चालला.

सव्वीस तारखेला तो आला. गाल सुजलेला. उजव्या टोकाला उभा राहिला, शहाऐंशी खांद्यावर घेऊन. सलामी शस्त्र त्याच्याइतकं नीट कुणी केलं नाही. मी रजिस्टरमधली चूक दुरुस्त केली, खाली सही केली, तारीख घातली. त्याला मात्र काही बोललो नाही. उद्या बोलू, परवा बोलू. फेब्रुवारीत तो यायचा बंद झाला. पालं उठून दुसरीकडे गेली, असं शिपायाने सांगितलं.

त्यानंतर तो एकदाच भेटला. मी निवृत्त झाल्यावर, इथेच काष्टीच्या बाजारात. एक धिप्पाड माणूस खोंडाची जोडी घेऊन उभा होता. मला बघून पुढे आला. "रामराम गुरुजी. ओळखलं का?" मी चाचरलो. तो हसून म्हणाला, "शहाऐंशी नंबर!"

आम्ही चहा घेतला. वाट्याने शेती करतो, मुलगी बारावीला आहे, असं सांगत होता. चहाचे पैसे त्यानेच दिले. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते ओठावर आलं आणि मी बैलांचा भाव विचारला.

असो. परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. कारागिराने रायफल तपासली, ही उडवू नका म्हणून सांगितलं. बोल्ट वेगळा काढून ठेवलाय आणि रायफल तो भिंतीवर लावणार आहे. "वाचलो मामा तुमच्यामुळे," म्हणाला. म्हटलं, माझ्यामुळे नाही रे, तू खुणा नीट पाहिल्यास म्हणून.

भाचा हे वाचेल, बाकीचे नातेवाईकही वाचतील. ज्याने वाचायला हवं तो मात्र वाचण्याची शक्यता कमी, म्हणून इथे लिहून माझं काम संपत नाही. त्याच्या गावाकडचा एक व्यापारी आमच्या बाजाराला येतो, असं कळलंय. गेले दोन शनिवार मी त्या व्यापाऱ्याच्या शोधात हिंडतोय. अजून गाठ पडलेली नाही. येत्या शनिवारी सकाळी लवकर जाणार आहे, जनावरं उतरायच्या वेळेला.