लांडोर बंगल्याची वाट

खानदेशातल्या बौद्ध घरात ३१ जुलै ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९३७ साली या दिवशी प. पू. बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात उतरले. त्या आठवणीसाठी दर वर्षी ३१ जुलैला आपले लोक लळिंगला जमतात. धुळ्याहून मुंबईच्या बाजूने निघाले की आधी मोहाडी, मग अवधान, मग लळिंग. अंतर दहाएक किलोमीटर. डोक्यावर फारुकी राजांच्या काळातला किल्ला, पायथ्याशी गाव आणि बाजूला वनखात्याचे कुरण. पावसाळ्यात हे कुरण असे हिरवे होते की, उन्हाळ्यात पाहिलेला माणूस ओळखणार नाही.

आम्ही आजवर एस.टी.ने जात होतो. कोरोनाच्या दोन वर्षांत तेही झाले नाही. २०२२ साली ३१ जुलै रविवारी आला, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी ठरवले की जळगावहून सायकलीने जायचे. आमच्या वस्तीतली पुष्कळ माणसे अजिंठा रोडच्या एम.आय.डी.सी.त डाळ मिलमध्ये आणि चटई कारखान्यांत कामाला जातात, ती सायकलवरच. पाळी सुटल्यावर त्या गर्दीत सायकल काढणारा माणूस धुळ्याला घाबरेल कशाला? अकरा सायकली निघाल्या. दहा आपल्या काळ्या, कॅरिअरवाल्या. अकरावी आमच्या भाच्याची, गिअरची, जाड टायरची; तीही कुणाची तरी वापरून टाकलेली. बायामुले एस.टी.ने धुळ्यास येणार होती.

शनिवारी पहाटे विहारात पंचशील घेतले आणि निघालो. बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडली तेव्हा नुकते फटफटत होते. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी ही नव्वदेक किलोमीटरची वाट. दोन्ही अंगाला कपाशी आणि मका. चौपदरीचे काम कुठे झालेले, कुठे राहिलेले. जिथे राहिलेले तिथे ट्रक असा अंगावरून जायचा की हँडल थरथरायचे. पारोळ्याला भजी खाल्ली, पाय मोकळे केले.

भाच्याच्या सायकलीला आम्ही वाटेत बरेच हसलो. पण तो नाशिककडच्या डोंगरात एका सायकल शर्यतीला जाऊन आलेला होता. डोंगरातली शर्यत म्हणजे डांबरी रस्ता नाही. माळ, नाला, पायवाट. कितवा आलास म्हणून विचारले, तर म्हणाला, "मामा, अर्धा वेळ तर मी रांगेतच उभा होतो!"

त्याने सांगितले ते आम्हांला नवीन होते. शर्यत मोकळ्या मैदानावरून सुटते. शेकडो सायकली एकदम निघतात. अर्ध्या कोसावर रस्ता संपून हातभर रुंदीची पायवाट लागते. तिथे एकाच सायकलीला जागा. पुढच्या एकाचे चाक चिखलात रुतले आणि त्याने पाय टेकला की मागच्याला पाय टेकावा लागतो, त्याच्या मागच्यालाही, आणि बघता बघता शंभर माणूस उभे. मग कुणी गवतातून घुसतो, कुणी दुसऱ्याचे हँडल ओढतो, शिवीगाळ होते. म्हणून त्या खेळात काही रीती पाळतात. मागून येणाऱ्याने आधी आवाज द्यायचा, कोणत्या बाजूने जातो ते सांगायचे आणि जागा मिळेपर्यंत थांबायचे. पुढच्याने आपल्या सोयीची जागा आली की बाजू द्यायची. त्यासाठी त्याने खड्ड्यात उतरावे अशी सक्ती नाही. जो उतरून सायकल ढकलतो आहे त्याने चालवणाऱ्याला वाट द्यायची. बिघाड झाला तर सायकल उचलून वाटेबाहेर न्यायची, मग चेन बघायची. आणि शर्यत नसेल, समोरासमोर गाठ पडली, तर वाट चढणाऱ्याची. उतरणाऱ्याने थांबायचे, कारण चढावर थांबलेली सायकल पुन्हा हलवणे कठीण.

नॉर्वे देशात रेना गावापासून लिलेहामरपर्यंत अशीच एक मोठी डोंगरी शर्यत होते, १९९३ पासून. तिथे हजारो लोक उतरतात, म्हणून सगळ्यांना एकदम न सोडता टोळ्या पाडून थोड्या थोड्या वेळाने सोडतात. शिवाय पूर्वी प्रत्येकाच्या पाठीवर साडेतीन किलोचे ओझे लागायचेच. १२०६ साली तिथल्या एका तान्ह्या राजपुत्राला दोन शिपायांनी बर्फातून डोंगरापार नेऊन वाचवले, त्या पोराचे वजन म्हणून हे ओझे. ही गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा सायकलच्या दांडीवर दोन-दोन पोरे बसवून शाळेत सोडणारा आमच्यातला एक जण म्हणाला, "साडेतीन किलोच? आमच्याकडे पाठवा म्हणावं!"

धुळ्यास व्याह्यांकडे मुक्काम केला. बायामुले आधीच पोचली होती. जेवणे झाल्यावर व्याह्यांनी पोरांना चाळीसगावची गोष्ट सांगितली. मोठ्यांना ती ठाऊक आहे, पण घरातल्या लहानांसाठी इथे देतो. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. २३ ऑक्टोबरला धुळे लाईनवरच्या एका गावी सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तिथल्या आपल्या लोकांनी आग्रह करून त्यांना एक रात्र राहायला लावले होते. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैल, वाटेत नदी आणि तिच्यावर फरशी. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ उभे, तरी बाबासाहेबांना तासभर ताटकळत ठेवले, का ते कुणी सांगेना. शेवटी टांगा आला. लोक आडवाटेने पायी पुढे गेले. दोनशे पावले जात नाहीत तोच टांगा एका मोटारीवर आदळणार होता. पोलीस मोठ्याने ओरडला म्हणून मोटार मागे झाली. फरशीवर वळताना घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आपटले. बाबासाहेब फेकले जाऊन खाली दगडी फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासह नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

नंतर उलगडा झाला. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. तेव्हा तोड निघाली की टांगेवाल्याने नुसता टांगा द्यायचा, हाकणारा आपला. पण आपल्यात टांगा हाकता येणारा कुणी नव्हता! बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. त्यात टांगेवाल्याचा माज तर आहेच. पण आपल्या माणसांबद्दलही ते मायेने आणि स्पष्ट लिहितात, की पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पोरांनी गोष्ट मन लावून ऐकली. आम्हीही माना हलवल्या आणि झोपलो.

सकाळी आग्रा रोडने निघालो तर महामार्गावर निळे झेंडेच झेंडे. टेम्पो, रिक्षा, मोटारसायकली आणि पायी चालणारे जथेच्या जथे. बायामुलांना रिक्षातून आणून कुरणाच्या तोंडाशी उतरवले. तिथून ती पायी निघाली. महामार्ग सोडून आत शिरलो आणि रस्ता आवळला. रात्री पाऊस झालेला. एका अंगाने पाण्याने माती कापून घळ केली होती, दुसऱ्या अंगाने निवडुंग आणि दगड. वर जाणारे वर जात होते, पहाटे जाऊन आलेले खाली येत होते, आणि तिघे-तिघे बसलेल्या मोटारसायकली हॉर्नवर बोट दाबून मधून घुसत होत्या. काहींनी तर सायलेन्सर काढलेले. बंगल्याच्या नावात लांडोर आहे. त्या आवाजात एखादी तरी लांडोर अर्ध्या कोसात थांबेल का?

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवत होतो. आमचा एक पोरगा, वय वीस, डाळ मिलमध्ये हमाली करतो, त्याने हँडलला मोठा झेंडा बांधला होता. जळगावची सायकल बंगल्यावर पहिली पोचली पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतलेले. पुढे एक म्हातारी उपासिका चालली होती. पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी. याने ती आणि घळ यांच्या मधून सायकल घातली. आवाज नाही, घंटी नाही. हँडल पिशवीत अडकले, आजी गुडघ्यांवर पडली, डबा उघडून भाकरी चिखलात गेली. मागच्या तीन सायकली एकमेकींवर आल्या आणि त्यांच्या मागे सगळी वाट तुंबली.

पडले त्यापेक्षा पुढचे वाईट. पोरगा उठून म्हणाला, "आजी, बाजूला व्हायचं ना!"

आजी चिडली नाही. गुडघ्याचा चिखल पुसत म्हणाली, "बाजूला कुठे होऊ बाबा, तिकडे घळ आहे. मागून तू येतोस, तुला मी दिसते. माझ्या पाठीला डोळे आहेत का?" मग सायकलकडे पाहून म्हणाली, "घंटी कुठे गेली तुझी?"

खुळखुळ वाजते म्हणून घंटी त्याने कधीच काढून टाकलेली होती. त्याच्याने बोलवेना. आमच्याकडूनही नाही. आदल्या रात्री ज्या गोष्टीला माना हलवल्या, ती बारा तासांत आमच्याच जथ्यात घडली होती. फरक एवढाच की, इथे दुसरा कुणी टांगेवाला नव्हता ज्याच्यावर बोट दाखवावे. वाट आपली, गर्दी आपली, आणि पडली तीही आपली.

भाच्याने मग सूत्रे हातात घेतली. आधी पडलेल्या सायकली उचलून दगडांच्या बाजूला लावल्या, वाट मोकळी केली. झेंडा हँडलवरून सोडून कॅरिअरला बांधला, म्हणजे पुढचे दिसेल. चढाच्या अरुंद तुकड्यात सगळ्यांनी उतरून चालायचे. सायकली तीन-तीन, मध्ये अंतर. पायी चालणाऱ्याला हाक द्यायची, "माय, उजवीकडून येतो," आणि तिने मान हलवली तरच पुढे. वळणावर कुणी थांबायचे नाही. दोन मोटारसायकलवाले हे पाहून थांबले आणि त्यांनी मागच्यांना हात दाखवला. पाच-सहा जण थांबले. बाकीचे हॉर्न वाजवत गेलेच. खोटे कशाला लिहा?

आजीची पिशवी आमच्या पोराने घेतली आणि तो तिच्या पावलांनी चालला. बंगल्यापर्यंत पोचायला आम्हांला पाऊण तास जास्त लागला. जळगावची पहिली सायकल कुणाची, हे कुणी विचारले नाही.

बंगल्यापुढे रांग होती. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले. पुस्तकांच्या दुकानांवर, फोटोंच्या दुकानांवर झुंबड होती, लांब कुठे भीमगीते चालू होती. आमच्या बायांनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती. आजीला मध्ये बसवले. ती साक्री तालुक्यातली निघाली. पहिल्यांदा आली तेव्हा चालता येत नव्हते, बापाच्या खांद्यावर बसून आली होती, म्हणाली. पोरगा तिच्यासमोर पाण्याचा गडू घेऊन उभा. तिने विचारले, "जेवला का रे?" तेव्हा कुठे तो बसला.

उतरताना भाच्याने पुन्हा बजावले. चढाला दम लागतो म्हणून माणूस आपोआप हळू होतो. उताराला सायकल आपल्याला नेते, आणि ओल्या मातीत पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस हँडलवरून जातो. दोन्ही ब्रेक हळूहळू, आणि वर येणारा दिसला की थांबायचे. आम्ही बहुतेक उतार सायकल हातात धरूनच उतरलो. वर येणारी एक पोरगी, चौदा-पंधराची, भावाला कॅरिअरवर घेऊन पायडल मारत होती. तिच्यासाठी आमच्या अकराही सायकली कडेला उभ्या राहिल्या. ती लाजली, पण पाय टेकला नाही.

सोमवारी सगळ्यांचा एक-एक खाडा पडणार होता, तो पडला. पहाटे धुळ्याहून निघण्याआधी आमचा पोरगा दिसेना. शोधले तर रविवारी संध्याकाळी पाचकंदिलाजवळून घेतलेली नवी घंटी तो व्याह्यांच्या ओट्यावर बसून पान्याने आवळत होता. पारोळा येईपर्यंत त्याने ती इतकी वाजवली की भाच्याने हात जोडले.