न पाहिलेले पट

डोळे बांधून बुद्धिबळ खेळणाऱ्याला कान लागतात. तो पटाकडे पाठ करून बसतो, कुणीतरी समोरच्याची चाल मोठ्याने सांगतो, हा आपली चाल सांगतो आणि मधला सगळा पट डोक्यात. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या ध्यानात आली ती जॉन कॉर्नफर्थविषयी वाचताना. सिडनीचा हा मुलगा विशीच्या सुमारास एकाच वेळी बारा जणांशी, एकही पट न पाहता खेळला. ऑस्ट्रेलियातला तो तेव्हाचा विक्रम. आणि त्याचे कान तर दहाव्या वर्षापासून जात चालले होते. ओटोस्क्लेरोसिस. कानातली इवलीशी हाडे धरत जातात आणि आवाज पुढे सरकत नाही. विसाव्या वर्षापर्यंत तो पूर्ण बहिरा झाला. मग बारा जणांच्या चाली त्याला कळवल्या कशा? चिठ्ठ्या लिहून? की तो सांगणाऱ्याचे ओठ वाचत होता? मी बराच वेळ तिथेच अडकून पडलो. पुढे रसायनशास्त्र होते, नोबेल होते, पण मन त्या चिठ्ठ्यांतून निघेना.

कॉर्नफर्थचा जन्म 1917 चा. वयाच्या सोळाव्या वर्षी तो सिडनी विद्यापीठात गेला. तिथली व्याख्याने त्याला ऐकूच येत नव्हती, तेव्हा तो मूळ शोधनिबंध वाचून शिकला. मला याचा थोडा हेवा वाटतो. आम्हाला कान होते, त्यामुळे आम्ही ऐकले, आणि ऐकले म्हणून वाचायचे राहिले. शाळेतल्या एका शिक्षकाने त्याला वकिलीच्या वाटेवरून रसायनशास्त्राकडे वळवले. बहिऱ्या माणसाला कोर्ट अवघड. प्रयोगशाळेत काचेला कुणाची उत्तरे द्यावी लागत नाहीत.

काच त्याच्या हाताला चांगली वळत असे. वरच्या वर्गातल्या रीटा हॅरडेन्सच्या हातून एक क्लायझन चंबू फुटला, तो यानेच ज्योतीवर धरून सांधून दिला. ओळख झाली ती अशी. 1939 मध्ये दोघांनाही ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळाली, बोट वाटेत असतानाच महायुद्ध पेटले, आणि 1941 मध्ये त्यांनी लग्न केले. पुढे आयुष्यभर दोघांनी एकत्र संशोधन केले. जगाचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोचवण्यातही रीटाचा मोठा वाटा होता. नोबेलच्या यादीत तिचे नाव नाही. असो.

ऑक्सफर्डला त्यांचे गुरू होते सर रॉबर्ट रॉबिन्सन. हे गृहस्थही बुद्धिबळाचे वेडे. पोस्टाने डाव खेळायचे, 1950 ते 1953 ब्रिटिश बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते, आणि पंच्याऐंशीच्या आसपास असताना, 1972 मध्ये, त्यांनी एका सहलेखकाबरोबर बुद्धिबळावर पुस्तकही काढले. अध्यक्षपदाच्या त्याच काळात, 1951 मध्ये, रॉबिन्सन-कॉर्नफर्थ जोडीचे स्टेरॉइडचे संपूर्ण संश्लेषण प्रसिद्ध झाले. पलीकडे अमेरिकेत रसायनज्ञ वुडवर्डही तिथेच पोचला होता.

अशी माहिती हाती आली की वर्तमानपत्रवाल्यांची लेखणी शिवशिवते. रेणू म्हणजे पट, अणू म्हणजे मोहरे! मला ही उपमा मुळीच पटत नाही. पटापलीकडे एक माणूस बसलेला असतो, त्याला तुम्हाला हरवायचे असते. कोलेस्टेरॉलला कुणाला हरवायचे नसते. यकृतात ते आपले मुकाट्याने तयार होत असते.

पण ते कसे तयार होते हे कॉर्नफर्थने शोधले, आणि तिथे मात्र बारा पटांचा तो मुलगा मला पुन्हा दिसतो. कोलेस्टेरॉल बनताना मेव्हॅलोनिक आम्लापासून स्क्वालीनपर्यंतच्या वाटेत चौदा ठिकाणी प्रश्न येतो: दिसायला अगदी सारख्या दोन बाजूंपैकी एन्झाइम कोणती धरते, डावी की उजवी? प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय, पण चौदांचे मिळून 16,384 मार्ग होतात आणि त्यातला खरा एक. कॉर्नफर्थ आणि त्याचा सहकारी पोप्याक यांनी हायड्रोजनच्या जागी त्याचे जड भाऊबंद, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, बसवून एकेका वळणाचा छडा लावला. 1975 मध्ये कॉर्नफर्थला नोबेल मिळाले, व्लादिमीर प्रेलोग यांच्यासोबत. रॉबिन्सन त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.

रॉबिन्सन आपल्याकडे वेगळ्या वाटेने पोचले. मँचेस्टरचे त्यांचे विद्यार्थी के. वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) आणि 1957 पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. शिवाय ते बाण. बी.एस्सी.च्या वर्गात फळाभर वाकडे बाण काढून इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातात ते दाखवत, ते रॉबिन्सन यांनी 1922 मध्ये विल्यम कर्मॅक या तरुण स्कॉटिश सहकाऱ्याबरोबर प्रथम वापरले. आमच्या सरांचे बाण इतके देखणे यायचे की प्रक्रिया कळली नाही तरी वहीत उतरवावीशी वाटे.

या कर्मॅकपाशी मी कॉर्नफर्थला सोडले. 1924 मध्ये एडिंबरोच्या प्रयोगशाळेत दाहक अल्कली उडून कर्मॅकचे दोन्ही डोळे गेले. वय सव्वीस. मग वाचून दाखवायला दुसरे, आणि गणित डोक्यात. भारतात लष्करी वैद्यक सेवेत काम करून परतलेले मॅकेंड्रिक तिथेच होते. दोघांनी 1927 मध्ये साथीच्या रोगांचे गणित मांडले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले, बरे होऊन किंवा मरून. 2020 साली रोज संध्याकाळी टीव्हीवर ज्या वक्ररेषा दाखवत होते, त्यांचे मूळ या निबंधात आहे. आणि निबंधातला आलेख मुंबई बेटाचा आहे. डिसेंबर 1905 ते जुलै 1906, प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू, ऐन भरात नऊशेच्या आसपास. आकड्यांचे ठिपके, आणि त्यांवरून जाणारी रेघ एका आंधळ्या माणसाच्या गणिताची.

प्लेग म्हटला की आपल्याला 1897 चे पुणे आठवते, रँड आणि चापेकर आठवतात. त्यानंतरही वर्षानुवर्षे माणसे मरत राहिली, त्याचे आपल्याला फारसे काही वाटत नाही, कारण त्यात कुणी गोळी झाडली नाही. माझ्या आजीला मात्र रँड ठाऊक नव्हता, उंदीर ठाऊक होते. तिच्या लहानपणी गावात ‘उंदीर पडला’ असे कुणी म्हटले की त्याच दिवशी भांडीकुंडी गाडीत चढत आणि सगळे गाव रानात झोपड्या बांधून राही. पोरांची चंगळ. शाळा नाही, अंघोळीला विहीर, रात्री शेकोटीभोवती भुतांच्या गोष्टी. प्लेगविषयी ती इतक्या आनंदाने बोलायची की आम्हालाच अवघडल्यासारखे होई. तिची एक धाकटी बहीण त्याच रानात गेली, हे ती शेवटी, जाता जाता सांगायची.

कर्मॅक-मॅकेंड्रिक यांनीही लिहून ठेवले आहे की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे. आजीला हे सांगायला प्रोफेसर लागले नसते. तिच्या घरी गाव सोडायचा दिवस उंदीर ठरवत आणि परतायचा दिवस तिचे आजोबा पंचांग पाहून. त्यातल्या त्यात उंदरांवर भरवसा ठेवावा, असे तिचे मत होते.