किंझुआच्या पुलाचे पाय

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत दगडी कोळसा, लाकूड आणि तेल मुबलक होते. मालाला गिऱ्हाईक होते बफेलो शहराकडे. वाटेत किंझुआची खोल दरी आडवी येत होती. तिला वळसा घालायचा तर सुमारे १३ किलोमीटर अवघड मार्ग टाकावा लागला असता. जनरल थॉमस केन यांच्या रेल्वे कंपनीने दरीच ओलांडायचे ठरवले.

१८८२ साली तिथे लोखंडी ट्रेसल पूल उभा राहिला. अशा पुलाला कमानी नसतात. तळाशी रुंद आणि वर निमुळते होत गेलेले जाळीदार मनोरे रूळ पेलतात. परांची न बांधता, ९४ दिवसांत, जेमतेम चाळीस माणसांनी हा ६२५ मीटर लांब, ९२ मीटर उंच पूल उभारला. दोन वर्षे तो जगातला सर्वांत उंच रेल्वेपूल होता. वाऱ्याने तो थरथरे, म्हणून गाड्या ताशी आठ किलोमीटरने जात.

कोळशाच्या गाड्या जड होत गेल्या आणि १९०० साली लोखंडाच्या जागी पोलाद आले. दोन्ही पुलांच्या आराखड्यांत अभियंता आणि उड्डाणाचे अभ्यासक ऑक्टेव्ह शनूट यांचा हात होता. त्याच वर्षी मे महिन्यात विल्बर राइटने त्यांना उड्डाणाविषयी पहिले पत्र लिहिले. वारा जाणणारा माणूस म्हणून शनूट यांचा लौकिक होता. पूल मात्र वाऱ्यापुढेच हरणार होता. वरचे सारे बदलले, पण पायथ्याचे १८८२चे बोल्ट तसेच ठेवून त्यांना कॉलर, म्हणजे जोडकड्या, लावून नवे बोल्ट बसवले गेले.

१९५९ मध्ये मालवाहतूक थांबली आणि पूल भंगारात विकला गेला. घेणाऱ्याने तो तोडला नाही, ही त्याची मोठीच कृपा. १९६३ मध्ये राज्याने तिथे उद्यान करण्याचा कायदा केला. पुढे पर्यटकांच्या गाड्याही धावल्या. २००२च्या तपासणीत गंज आढळला, पूल बंद झाला, दुरुस्ती सुरू झाली. २१ जुलै २००३ रोजी टोर्नेडोने वीसपैकी अकरा मनोरे आडवे केले. चौकशीत दोष निघाला तो पायथ्याच्या गंजलेल्या बोल्टांचा आणि कॉलरांचा.

उरलेल्या मनोऱ्यांपैकी सहांवर २०११ पासून पायी जाता येते. पडलेले पोलाद दरीतच ठेवले आहे. जुना पूल जपायचा असेल, तर नव्या पोलादाआधी त्याला जमिनीशी बांधणारा सर्वांत जुना दुवा तपासला पाहिजे.