खाली अजून आहे

आमच्या लहानपणी दिवाळीचा फराळ पत्र्याच्या डब्यांत असे. आत किती उरले आहे ते बाहेरून दिसत नसे, आणि आई घरात असताना झाकण उघडण्याची आमची प्राज्ञा नव्हती. म्हणून आम्ही भावंडे डबा कानाशी धरून हलवून पाहत असू. दबका आवाज आला की चकल्या पुष्कळ. खडखड वाजले की दिवाळी संपत आली. दादा या विद्येत भारी तरबेज. "किती उरले आहे हे कळले म्हणजे धीर येतो," असे तो म्हणे.

त्या डब्याची आठवण गेल्या वर्षी फार विचित्र रीतीने झाली.

दादा आता अठ्ठ्याहत्तरीचा आहे. हात कापू लागल्यापासून तो संगणकावर एका बोटाने टंकून पत्र पाठवतो. पत्राची रीत मात्र जुनीच. आरंभी अनेक आशीर्वाद, मग पाऊसपाणी, भुईमूग, शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा तंटा, आणि अखेर 'बाकी इकडे सर्व क्षेम'. तसे एक पत्र आले. मी ते आमच्या संगणकावर उघडले, 'सर्व क्षेम' पर्यंत वाचले. त्याखाली थोडी मोकळी जागा होती आणि तिच्याखाली खिडकीची कड. पत्र संपले होते. मी भुईमुगाविषयी चार ओळी लिहून उत्तर धाडले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात चहा घेतला.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचे ऑपरेशन झाले हो. तुमची वाट पाहिली यांनी. बोलून दाखवत नाहीत, पण मनाला लागले आहे."

मला काही उमगेना. मी घाईघाईने ते पत्र पुन्हा उघडले. लेक शेजारीच उभी होती. तिने दोन बोटे फिरवली आणि म्हणाली, "बाबा, खाली अजून आहे की!"

खाली ता. क. होता. 'एका डोळ्याने दिसत नाही हे तुला ठाऊक आहेच. दुसऱ्याचे ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. डॉक्टर म्हणतात भिण्याचे कारण नाही. तरी तुला जमले तर ये. तू असलास की मला धीर येतो.'

आपल्या पत्रांत खरा मजकूर नेहमी ता. क. मध्येच असतो. जे तोंडाने मागवत नाही, ते माणूस सही झाल्यावर कोपऱ्यात लिहितो. आणि नेमके तेच खिडकीच्या कडेखाली राहिले होते. लेकीची बोटे फिरली तेव्हा उजव्या कडेला केसाएवढी करडी रेघ उमटली आणि क्षणात विरून गेली. त्या रेघेला स्क्रोलबार म्हणतात. ती आधी दिसली असती, तर मी मंगळवारी दादाजवळ असतो.

अपराध माझाच, हे मी नाकारत नाही. पण त्या रेघेची हकिगत मी पुढे मुद्दाम समजून घेतली.

मूळची सरकपट्टी फार सुबुद्ध वस्तू होती. १९८१ सालच्या झेरॉक्स स्टारवर ती होती, १९८४ च्या मॅकिंटॉशवर होती, १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही होती. खिडकीच्या कडेला एक चर आणि त्या चरात सरकणारा एक ठोकळा. चर म्हणजे सगळा मजकूर, आणि ठोकळा कोठे आहे त्यावरून आपण कोठवर आलो ते कळे. आरंभी मॅकिंटॉशवर हा ठोकळा सदैव एकाच मापाचा असे. विंडोज ९५ मध्ये तो मजकुराप्रमाणे लांब-आखूड होऊ लागला. ठोकळा आखूड, तर वाचायचे पुष्कळ. पोथी वाचणाऱ्याला डावी-उजवीकडच्या पानांच्या थप्पीवरून अध्याय किती उरला ते कळते, तसेच हे. मुद्दाम कोणी सांगावे लागत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळते.

मग ती लपली कशी? १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या माऊसला चाक आले आणि पट्टीला हात लावण्याची गरज कमी झाली. २००७ साली आयफोन आला. तळहाताएवढ्या पडद्यावर रुंदीचा कणन् कण मोलाचा, आणि कागद तर बोटानेच सरकवायचा. तेव्हा सरकवताना दिसणारी आणि लगेच विरणारी रेघ तेथे शोभली. पण २०११ साली मॅकच्या लायन आवृत्तीने हीच रीत टेबलावरच्या संगणकाला लावली, आणि पुढे इतरांनीही ती उचलली. खोलीत जागा कमी म्हणून पाहुण्याने पाय आखडून बसावे हे ठीक; पण ऐसपैस ओसरीवरही त्याला तसेच बसवावे, यात शहाणपण कोणते?

पडदा सुबक दिसतो, हे खरे. तरुण डोळ्यांना आणि सवयीच्या बोटांना काही अडत नाही. अडते ते दादासारख्यांना. दोन बोटे सारखी फिरवणे त्याला जमत नाही. त्याला ठोकळा धरून ओढावा लागतो, आणि तो तर काडीएवढा, करड्यावर करडा. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका त्यावर नेम धरायला वेळ अधिक, हे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मोजून दाखवले. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमावलीतही २०१८ पासून पडद्यावरच्या कळींचा आणि खुणांचा रंग शेजारच्या रंगाहून निदान ३:१ इतका उठून दिसावा असे म्हटले आहे, आणि २०२३ पासून दाबायची जागा निदान २४ पिक्सेलची असावी असेही. गंमत अशी की, पान रचणाऱ्याने हात न लावलेल्या मूळच्या सरकपट्टीला या दोन्ही नियमांतून सूट आहे!

सुदैवाने ती परत आणण्याची सोय यंत्रातच ठेवलेली असते. मॅकवर 'अपिअरन्स' मध्ये 'शो स्क्रोल बार्स' पुढे 'ऑल्वेज' निवडायचे. विंडोज ११ मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' खाली 'व्हिज्युअल इफेक्ट्स' मध्ये 'ऑल्वेज शो स्क्रोलबार्स' चालू करायचे. दोन मिनिटांचे काम. मात्र ही सोय ज्यांना हवी, त्यांना पट्टी लपली आहे हेच ठाऊक नसते. न दिसणाऱ्या वस्तूची तक्रार कोण करणार?

त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी मी गावी गेलो. दादा काळा चष्मा लावून ओसरीवर बसला होता. मी सगळी हकिगत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटले, वाचलेस आणि जमले नाही. न वाचलेले बरे."

ते 'बरे' मला अजून टोचते.

निघण्यापूर्वी मी त्याच्या संगणकावर पट्टी कायमची उघडी करून दिली. महिन्याने नवा चष्मा लागल्यावर त्याने फोन केला. "अरे, ती पट्टी आता लख्ख दिसते हो! डबा वाजवून बघायला नको."

माझ्या संगणकावरही ती आता सदैव असते. लेकीला ती ओबडधोबड वाटते. पण दादाचे पत्र आले की मी आधी उजव्या कडेकडे पाहतो, ठोकळा धरून थेट तळाशी जातो आणि ता. क. वाचतो. पाऊस आणि भुईमूग त्यानंतर.