अप्पांची हातोडी

माढ्यात लहान असताना मला अप्पांच्या एका सवयीचा भारी कंटाळा यायचा. ते कुर्डुवाडीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. गाडी धडधाकट परत आली, तरी प्रत्येक चाकाच्या नटावर हातोडी मारून कान देऊन ऐकायचे. ठण्‌! ठण्‌!

"अप्पा, कालच तर बघितली होती ना तुम्ही?"

"ती कालच्या फेरीसाठी रे!"

मला वेड अवकाशयानांचं. साधं रॉकेट तेव्हा एकदाच कामाला यायचं. पण अमेरिकेचं स्पेस शटल एस.टी.सारखं पुन्हा पुन्हा जायचं. उडायचं रॉकेटसारखं आणि परतताना इंजिन बंद ठेवून, तरंगत धावपट्टीवर उतरायचं! 'कोलंबिया' हे पहिलं शटल १९८१ साली उडालं.

१ फेब्रुवारी २००३. संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. अठ्ठाविसाव्या फेरीवरून परतताना कोलंबिया आकाशातच फुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. मी रडलो. अप्पा गप्पच होते.

पुढे कारण कळलं. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. परतताना तिथूनच प्रचंड उष्णता आत शिरली. तुकडा आदळलेला चित्रफितीत दिसला होता. पण अवकाशात असताना पंख कुणी तपासलाच नाही.

२००५ पासून मात्र शटल अवकाशस्थानकाजवळ पोचलं, की आधी सावकाश कोलांटी घ्यायचं आणि स्थानकातले अंतराळवीर त्याच्या पोटाचे फोटो काढायचे. स्थानकाच्या प्रत्येक फेरीला! २०११ साली शटल निवृत्त झालं, तोवरच्या साऱ्या फेऱ्या सुखरूप झाल्या.

हे वाचलं, तेव्हा कानात एकच आवाज घुमला. ठण्‌! ठण्‌!